औषध परजीवीला मारणारं, की त्याचं वेळापत्रक मोडणारं?

सूक्ष्मजीवी

आर्टेमिसिनीन या हिवतापावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींवरचा इथला धागा 'मग पुढे काय?' या प्रश्नापाशी येऊन थंडावला होता. त्या प्रश्नाची उत्तरं बरीच आहेत. त्यातलं मला सगळ्यात रोचक वाटतं ते एक इथे मांडते: परजीवीची जनुकं चालू-बंद करणारी यंत्रणाच अडवायची. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गोव्यात हिवताप म्हटलं की आताच्या पोरांना बांधकामावरच्या कामगारांचं आरोग्य कार्ड तेवढं आठवतं. पण १९८६च्या सुमाराला पणजीत साथ लागली आणि मग म्हापसा, मडगाव, वास्को, कांदोळीचा किनारा असं करत तिने वीसेक वर्षं ठाण मांडलं होतं. डासही शहरी, अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्साय. त्याला तळी-शेतं लागत नाहीत, गच्चीवरची टाकी आणि स्लॅबवर साठवलेलं पाणी पुरतं. आज रुग्ण फार थोडे उरलेत आणि त्यांत मोठा वाटा व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आजवरची बहुतेक औषधं परजीवीच्या रोजच्या खाण्यापिण्यावर घाव घालतात. परजीवी लाल रक्तपेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरलेलं हीम, म्हणजे त्यातला लोहाचा भाग, त्यालाच विषारी, म्हणून त्याचे तो स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन ते स्फटिक होऊ देत नाही. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन फोलेट तयार होण्याची वाट अडवतं, अ‍ॅटोव्हाक्वोन मायटोकॉन्ड्रियाला धरतं. आर्टेमिसिनीन लोहाच्या संपर्कात पेटतं आणि आजूबाजूच्या प्रथिनांची नासधूस करतं. या प्रत्येकावर परजीवीने तोड काढली आहे. क्लोरोक्विन तो अन्नपोकळीतून बाहेर टाकायला शिकला. फोलेटच्या एन्झाइममधली दोन-चार अमिनो आम्लं बदलली. आर्टेमिसिनीनच्या बाबतीत के१३ जनुकात असे बदल झाले, की कोवळ्या 'रिंग' अवस्थेत तो हिमोग्लोबिनच कमी खातो, म्हणून औषध पेटतच नाही नीट. उपाशी राहून जीव वाचवण्याचा हा प्रकार मला अजून अचंबित करतो.

आता जनुकांकडे वळू. फाल्सिपेरम या सगळ्यात जीवघेण्या जातीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००२ साली वाचून प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रं, सुमारे ५,३०० जनुकं आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी ८० टक्के नुसते ए आणि टी. रक्तपेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत फाल्सिपेरमला ४८ तास लागतात. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या डेरिसी यांच्या गटाने या ४८ तासांत तासातासाला कोणती जनुकं चालू आहेत हे मोजलं, तर एक सलग लाट दिसली. बहुतेक जनुकं चक्रात एकदाच उसळतात, तीही त्यांच्या प्रथिनाची गरज पडण्याच्या जरा आधी. पेशीत घुसण्याची हत्यारं बनवणारी जनुकं शेवटच्या तासांत जागी होतात, आधी नाही.

एवढं काटेकोर वेळापत्रक सांभाळतं कोण? जीनोम वाचला तेव्हा पंचाईत अशी झाली, की जनुकं चालू-बंद करणारी ओळखीची प्रथिनं त्यात जवळजवळ सापडेनात. माणसात अशी दीड हजाराच्या वर आहेत. २००५ साली अरविंद यांच्या गटाने संगणकावर शोधून एक कुटुंब बाहेर काढलं. वनस्पतींत 'एपी२' नावाचा डीएनएला चिकटणारा भाग असतो, तसाच भाग असलेली ही प्रथिनं. नाव पडलं एपीएपी२. फाल्सिपेरममध्ये ती सत्तावीसच्या आसपास निघाली. त्यांना माणसात नातेवाईक नाही, आणि औषध शोधणाऱ्याचे कान टवकारतात ते इथे.

आपल्याकडच्या दशावतारातून सांगायचं तर जुनी औषधं रंगमंचावर आलेल्या राक्षसाशी झुंजतात. नवा विचार असा, की पडद्यामागे उभं राहून एकेका सोंगाला बाहेर सोडणारा जो आहे, त्यालाच गाठावं.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रथिन एपी२-जी. २०१४ साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, की हे नसेल तर परजीवीची नर-मादी रूपं, म्हणजे गॅमेटोसाइट, तयारच होत नाहीत. डासाला पुढे न्यायला हीच रूपं लागतात. गॅमेटोसाइट नसलेला रुग्ण तापाने फणफणला तरी डासाला काही देऊ शकत नाही. एरवी हे जनुक एचपी१ नावाच्या प्रथिनाखाली गाडलेलं असतं. दर चक्रात थोड्याच परजीवींत जीडीव्ही१ हे दुसरं प्रथिन एचपी१ला हुसकावतं आणि मग एपी२-जी जागं होतं. रक्तातलं लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन नावाचं मेदद्रव्य घटलं की हे प्रमाण वाढतं, असं २०१७मध्ये दिसलं. म्हणजे यजमानाची अवस्था ओळखून तो मुक्काम हलवायची तयारी करतो.

एचपी१ची हीच पद्धत व्हार जनुकांनाही लागू आहे. ती साठेक आहेत, पण एका वेळी एकच चालू. रक्तपेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन असं बदलत राहतं आणि आपली प्रतिकारशक्ती मागून धावत राहते.

औषधांचे प्रयत्न कुठवर आले? पहिली वाट हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा लिहिणाऱ्या-पुसणाऱ्या एन्झाइमांची. अ‍ॅपिसिडिन हे बुरशीतलं संयुग या वाटेने परजीवीला मारतं हे १९९६पासून माहीत आहे. अडचण अशी, की हीच एन्झाइमं आपल्यातही आहेत. ती अडवणारी औषधं कर्करोगात चालतात, कारण तिथे दुष्परिणाम सोसायची तयारी असते. तापाच्या पाच वर्षांच्या पोराला ती कोण देईल? दुसरी वाट थेट एपीएपी२ची. २०२२ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या लिनास यांच्या गटाने एपी२-ईएक्सपी या प्रथिनाचा डीएनएला चिकटणारा भाग संगणकात मांडून, त्या जागेत बसतील अशी संयुगं निवडली. त्यांतली काही खरोखर डीएनएशी स्पर्धा करतात आणि परजीवीच्या एकाहून जास्त अवस्थांत काम करतात. हे औषध नाही. ही जागा अडवता येते, एवढंच यातून सिद्ध झालं, पण तेवढंही अनेकांना अशक्य वाटत होतं. तिसरी वाट जनुकाची प्रत निघाल्यानंतरची. आरएनएची काटछाट सांभाळणाऱ्या पीएफसीएलके३ या एन्झाइमवर ग्लासगोच्या गटाचं २०१९चं काम आहे. औषधाच्या सगळ्यात जवळ मला हीच वाट वाटते, पण तिच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

आता माझं मत. या विषयावरच्या बातम्यांत 'परजीवी इतक्या तासांत मेला' हेच ठळक छापतात. रक्तातल्या परजीवीला मारणारी औषधं आपल्याकडे अजून आहेत. जनुकांच्या नियंत्रणाला हात घालायचा तर तो जिथे दुसरं काहीच चालत नाही तिथे घालावा. व्हायवॅक्स यकृतात महिनोन् महिने झोपून राहतो, ती जागा तशी आहे. ती झोप कुठल्या अन्नावर चालत नाही, ती कोणती जनुकं बंद ठेवायची यावर चालते.

मांडवीकाठ

सूक्ष्मजीवीबाय, लेख आवडला. निम्मा कळला, निम्मा उद्या परत वाचेन.

साथीच्या वर्षांत आम्ही पणजीत भाटल्याला होतो. संध्याकाळी धुराची गाडी यायची आणि आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो, आता आठवलं की अंगावर काटा येतो. विहिरीत आणि टाकीत पिटुकले मासे सोडून जायचे. बॅक्टेरियाची पावडर कालवून साठलेल्या पाण्यावर फवारायचे. सांगायचा मुद्दा हा, की गोव्यातला हिवताप उतरला तो मासे, फवारणी, रक्ततपासणी आणि कामगारांची कार्डं यांमुळे. जनुकं वगैरेंमुळे नव्हे. जुनं गोवं तापाने आणि पटकीने ओस पडलं, १८४३ला राजधानी पणजीला आली, तेव्हाही प्रश्न पाण्याचाच होता. पैसे थोडे असतील तर ते गटारात घालावे असं माझं मत (चांगल्या अर्थाने घ्या).

सूक्ष्मजीवी

काका, त्या माशांवर आणि बॅक्टेरियाच्या पावडरीवर पणजीतल्या हिवताप संशोधन केंद्राने नव्वदच्या दशकात रीतसर अभ्यास केले आहेत. मासा इथलाच, अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी. बाहेरून गप्पी आणण्यापेक्षा हे बरं, असं ठरवून केलेलं काम होतं ते. तुमचं म्हणणं नाकारत नाहीच. पण डास संपवून यकृतातला परजीवी उठायचा थांबत नाही. कामगार ओडिशातून किंवा झारखंडमधून येतो तेव्हा त्याचं यकृतही सोबत येतं.

रात्रपाळी

मी फिजिशियन, उत्तर गोव्यात. हुरूप मोडायचा नाही, पण दोन गोष्टी.

एक. एपी२-जी अडवून गॅमेटोसाइट रोखायचे, हे फाल्सिपेरमला ठीक. त्याचे गॅमेटोसाइट पिकायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे मध्ये हात घालायला सवड मिळते. व्हायवॅक्समध्ये रुग्ण ताप घेऊन माझ्यासमोर बसतो तेव्हाच रक्तात गॅमेटोसाइट असतात. डासाला जे द्यायचं ते देऊन झालेलं असतं. त्यामुळे ज्या गोव्यासाठी तुम्ही हे लिहिताय, तिथे तुमचं सगळ्यात गाजलेलं प्रथिन सगळ्यात कमी कामाचं.

दोन. यकृतातल्या झोपलेल्यांवर औषध आहे. प्रायमाक्विन, १४ दिवस. अडचण जीवशास्त्राची कमी आणि माणसाची जास्त. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की सेंट्रिंगचा मुलगा साइटवर जातो आणि उरलेल्या गोळ्या खोलीवर पडून राहतात. जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटण्याची भीती, म्हणून तपासणी हवी. गरोदर बाईला देता येत नाही. काहींच्या यकृतात सीवायपी२डी६ हे एन्झाइम मंद असतं, त्यांनी १४ च्या १४ गोळ्या घेतल्या तरी औषध सक्रिय होत नाही आणि ताप परत येतो. आपण त्यांच्यावर 'गोळ्या घेतल्या नसतील' असा आळ घेतो. एका डोसचं टॅफेनोक्विन २०१८ला अमेरिकेत मंजूर झालं, पण जी६पीडीची अट तिथे अजून कडक आहे, कारण ते शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं.

सूक्ष्मजीवी

डॉक्टर, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो मूळ लेखात यायला हवा तितक्याच ठसठशीतपणे तुम्ही मांडलात. एपी२-जी हे आफ्रिकेसाठी आणि आपल्या मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यासाठी.

दुसरा मुद्दा मात्र माझ्याच बाजूने जातो. प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन एकाच रासायनिक घराण्यातली, ८-अमिनोक्विनोलिन. जी६पीडीची भीती त्या घराण्याबरोबर येते. झोप मोडणारं किंवा झोपेतच मारणारं दुसऱ्या घराण्यातलं औषध आज आपल्याकडे एकही नाही. म्हणून तर ही झोप नियंत्रणाच्या अंगाने बघायची.

२०१४ सालचं एक काम आहे. माकडांच्या सायनोमोल्गाय परजीवीलाही व्हायवॅक्ससारखी झोप असते. त्याला प्रयोगशाळेत यकृतपेशींत कित्येक आठवडे सांभाळून, हिस्टोनवर मिथाइल नावाची खूण लावणारी एन्झाइमं अडवणारं संयुग दिलं, तर झोपलेले परजीवी लवकर उठू लागले. म्हणजे झोप टिकते ती हिस्टोनवरच्या खुणांमुळे, निदान अंशतः. मग कल्पना अशी निघते, की आधी उठवायचं आणि उठल्यावर साध्या औषधाने मारायचं. एचआयव्हीच्या लपलेल्या विषाणूबाबत हाच डाव खेळून बघत आहेत. उलट डावही आहे: कायमचं झोपवून ठेवायचं. तो मला पटत नाही, औषध बंद झालं की परत तेच.

केमिस्ट_वेर्णा

औषधनिर्मितीत आहे, म्हणून थोडं थंड पाणी ओतते.

प्रथिन आणि डीएनए यांची गाठ पडते ती जागा सपाट, पसरट आणि विद्युतभाराने भरलेली. छोट्या रेणूला तिथे धरायला खाच लागते. एन्झाइमला खाच असतेच, म्हणून पीएफसीएलके३ सोपं वाटतं. डीएनएची नक्कल करायला रेणूवर ऋणभार ठेवला तर तो पडदे ओलांडत नाही, आणि इथे पडदे किती बघा. रक्तपेशीचा, परजीवीभोवतीच्या पोकळीचा, परजीवीचा स्वतःचा आणि वर केंद्रकाचं आवरण. नळीत चिकटणारं संयुग तिथवर पोचेलच असं नाही. आणि पोचून परजीवी मेलाच, तर तो एपी२ अडवल्यामुळे मेला की दुसऱ्याच कशामुळे, हे सिद्ध करणं महाकठीण. संगणकातल्या निवडीतून आलेली संयुगं पुष्कळदा चार ठिकाणी चिकटतात.

अशक्य मात्र म्हणणार नाही. एचआयएफ-२-अल्फा हे प्रथिनही जनुकं चालू करणारंच, आणि त्याला औषध सापडणार नाही असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. मग त्याच्या पोटात एक पोकळी सापडली, तिथे रेणू बसवला की त्याची जोडीदाराशी जुळणी मोडते. बेल्झुटिफॅन हे कर्करोगाचं औषध, २०२१ला मंजूर. तेव्हा एपी२ची डीएनएकडची बाजू सोडून दुसरीकडे पोकळी शोधावी असं मी म्हणेन. एपी२-ईएक्सपीचा तो भाग जोडीने डीएनएला धरतो, हे त्याच्या स्फटिकरचनेत दिसलेलं आहे. ती जोडी मोडणं हा एक धागा होऊ शकतो.

आणि किंमत. बेल्झुटिफॅनची किंमत इथे लिहीतच नाही, उगाच कुणाला भोवळ यायची. हिवतापाच्या औषधाचा पूर्ण कोर्स काही रुपयांत बसला पाहिजे, एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली टिकला पाहिजे, पोटातून घेता आला पाहिजे. आमच्या धंद्यात चांगले रेणू इथेच गळतात.

कुळागर

अवांतर: दशावतारात 'एकेकाला सोडणारा' असा एक माणूस नसतो हो. ज्याचं त्याला ठाऊक असतं! संहिता तरी कुठे लिहिलेली असते?

(लेख उत्तम. पुढील लेखनाला शुभेच्छा.)

सूक्ष्मजीवी

@कुळागर, मग तुमचं वर्णन माझ्यापेक्षा जास्त खरं आहे. परजीवीतही एक सूत्रधार नाही, सत्तावीस आहेत, आणि ते एकमेकांनाही चालू-बंद करतात. एपी२-आय पेशीत घुसण्याची जनुकं उठवतं, पण एकट्याने नाही, दुसऱ्या प्रथिनांबरोबर. म्हणून एक काढला तर दुसरा ती जागा भरून काढेल का, ही शंका रास्त आहे. याला एक उत्तर प्रयोगातून मिळालंय. २०१८ साली फाल्सिपेरमच्या जवळजवळ प्रत्येक जनुकात तोडफोड करून पाहिली, त्यात सुमारे २,६८० जनुकं रक्तातल्या वाढीला अत्यावश्यक ठरली. एपीएपी२पैकी बऱ्याचशांवाचून परजीवी रक्तात तगत नाही. म्हणजे बदली कामगार सगळ्यांना नाहीत.

@केमिस्ट, जोडी मोडण्याची सूचना झकास. तुमचं 'कशामुळे मेला' हे तर आमच्या क्षेत्राचंही दुखणं. त्यावर आता बरा उपाय आहे. संशयित प्रथिनाचं प्रमाण जनुकीय युक्तीने कमी केलेला परजीवी बनवायचा. संयुग खरंच त्याच प्रथिनावर चालत असेल तर हा अशक्त परजीवी कमी डोसात मरायला हवा. तसं झालं नाही तर निशाण दुसरं.

प्रश्नचिन्ह

विज्ञानातला नाही, तरी दोन बाळबोध प्रश्न. (१) या नव्या प्रकारच्या औषधालाही परजीवी काही वर्षांत सरावेलच ना? (२) पुण्याच्या सीरमने लस काढली आहे म्हणतात, मग हे सगळं कशाला?

सूक्ष्मजीवी

आधी दुसरा. आर२१ ही लस ऑक्सफर्डने विकसित केली, सीरम ती बनवते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ला तिची शिफारस केली. ती लहान मुलांसाठी आणि फाल्सिपेरमसाठी. व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही. जगात २०२३ साली हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. तिथे लस हवीच हवी.

पहिल्यावर माझं मत असं: सरावेल, पण त्याला जड जाईल. फोलेटच्या एन्झाइममध्ये एक अमिनो आम्ल बदललं तर एकच काम थोडं मंदावतं. एपी२ प्रथिन डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखतं. एपी२-ईएक्सपी ओळखतं ती टीजीसीएटीजीसीए. अशी अक्षरं पुष्कळ जनुकांच्या आधी असतात. औषध चुकवायला प्रथिनाने आपला हात बदलला, तर त्याला ती सगळी ठिकाणं ओळखता येणार नाहीत, आणि तेवढी सगळी ठिकाणं एकदम बदलणं जवळपास अशक्य. हे झालं निशाणाबद्दल. परजीवी निशाणाला हात न लावता औषधच बाहेर फेकू शकतो, क्लोरोक्विनला केलं तसं. ती वाट कुठल्याच औषधाला बंद नाही.

दुधसागर

आमच्याकडे आजी पावसाळ्यात किरायत्याचा काढा द्यायची, घरात कुणाला हिवताप झाला नाही. आर्टेमिसिनीनही झाडातूनच आलंय ना? मग इथल्या झाडांत का शोधत नाहीत?

रात्रपाळी

शोधतात, आणि शोधावंच. पण आर्टेमिसिनीन झाडातून 'आलं' ते तू योयो यांच्या गटाने असंख्य अर्क तपासून, गरम न करता ईथरने काढून, १९७२ला वेगळं केलं तेव्हा. काढा उकळून ते मिळत नव्हतं. किरायतं कडू आहे म्हणून ते कोयनेल होत नाही. कृपा करून कुणी ताप आल्यावर काढ्यावर चार दिवस काढू नका. फाल्सिपेरम असेल तर चार दिवस फार होतात. आरोग्य केंद्रात रक्त फुकट तपासतात.

दुधसागर

प्यायला सांगत नव्हते हो डॉक्टर, विचारत होते. कळलं.

मांडवीकाठ

मला एक सांगा, हे झोपेचे प्रयोग करायला व्हायवॅक्स मिळतो कुठून? फ्रीजमध्ये ठेवतात की काय?

सूक्ष्मजीवी

काका, खरी गोम नेमकी इथेच आहे. फाल्सिपेरम १९७६पासून प्रयोगशाळेत रक्तात वाढवता येतो, ट्रेगर आणि जेन्सन यांनी जमवलं. व्हायवॅक्सचा तसा अखंड वाढता वाण आजही नाही. त्याला अगदी कोवळ्या लाल रक्तपेशीच लागतात आणि त्या सतत पुरवणं जमत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला ताजा रुग्ण, त्याच्या रक्तावर पोसलेले डास, त्या डासांच्या लाळग्रंथीतून काढलेले परजीवी आणि मग ते टाकायला यकृतपेशी, एवढी साखळी लागते. डास अर्थात प्रयोगशाळेत पाळलेले.

बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दक्षिण आशियातल्या हिवतापावरच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचं केंद्र उभं राहिलं ते यासाठीच. मोठं रुग्णालय, देशभरातून आलेले रुग्ण आणि खालीच प्रयोगशाळा, हे तिन्ही एकत्र फार कमी ठिकाणी मिळतं. तिथे रुग्णांच्या रक्तातले परजीवी ताजे असतानाच औषधांवर तपासण्याचं काम झालं आहे. आता रुग्ण घटत चालले, म्हणजे नमुनेही घटत चालले. आनंदच आहे, तक्रार कोण करेल? पण व्हायवॅक्सच्या झोपेवर काम करायचं तर ते नमुने मिळताहेत तोवर करावं लागेल. फ्रीजमधलं म्हणाल, तर गोठवलेल्या नमुन्यातून जनुकं वाचता येतात, झोप बघता येत नाही.

प्रश्नचिन्ह

मग यकृतातल्या एकेका झोपलेल्या परजीवीची जनुकं वाचत नाहीत का? असं काही तंत्र आल्याचं वाचलं होतं.

सूक्ष्मजीवी

वाचतात. एकेका पेशीतला आरएनए वाचायचं तंत्र आता व्हायवॅक्सच्या यकृतातल्या रूपांवरही वापरलं जातं. झोपलेला आणि वाढणारा यांच्यात काय काय वेगळं आहे याच्या याद्या त्यातून निघत आहेत. यादी मिळाली तरी त्यातलं झोपेचं कारण कोणतं आणि नुसता परिणाम कोणता, हे ठरवायला त्या जनुकात फेरफार करून बघावा लागतो, आणि व्हायवॅक्समध्ये ते करणं फारच अवघड. म्हणून माकडांच्या परजीवीत करतात. दुसरीकडे काहींनी उलट दिशेने जाऊन, माणसाला आधीच दिली जाणारी औषधं झोपलेल्या व्हायवॅक्सवर चाळून पाहिली. त्यात हायड्रॅलझीनच्या घराण्यातली, रक्तदाबाची जुनी औषधं थोडीफार परिणाम करताना दिसली, आणि त्यांचा संबंध डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणांशी लावला जातोय. कुणी घरातल्या बीपीच्या गोळ्यांकडे बघू नका, नळीतल्या प्रयोगाची गोष्ट आहे.

केमिस्ट_वेर्णा

हायड्रॅलझीन! एवढा जुना, स्वस्त रेणू. डोस बसणार नाही बहुधा, पण रेणूभोवती काम करायला कुणीही रसायनी तयार होईल. वाचते.

रात्रपाळी

समजा असं औषध आलं. त्याची चाचणी कशी घेणार, ते सांगा. झोपलेला परजीवी मेला की नाही हे रक्त तपासून कळत नाही, ताप परत येतो का याची वाट बघावी लागते. आपल्याकडच्या व्हायवॅक्सचा ताप कुणाला महिना-दीड महिन्यात परततो, कुणाला सात-आठ महिन्यांनी. पहिले काही आठवडे तर क्लोरोक्विनच रक्तात असतं, तेच त्याला दाबून धरतं. इतके महिने तो कामगार माझ्या नजरेत राहणार आहे का? पर्वरीची साइट संपली की तो कारवारला.

सूक्ष्मजीवी

आणि परत आलेला ताप जुनाच की नवा डास चावल्याचा, हेही जनुकं वाचून खात्रीने सांगता येत नाही. यकृतात वेगवेगळ्या वाणांचे परजीवी झोपलेले असू शकतात, पहिल्यांदा एक उठतो, दुसऱ्यांदा दुसरा. वाण वेगळा म्हणजे संसर्ग नवा, असं गणित व्हायवॅक्समध्ये चालत नाही.

ही चाचणी गोव्यात घेण्याला अर्थ आहे तो इथे. संसर्ग जिथे दाट आहे तिथे परत आलेल्या तापातला निम्मा नवा असेल तर औषधाचा परिणाम दिसतच नाही. गोव्यात आता नवा डास चावण्याची शक्यता इतकी कमी, की इथेच राहिलेल्या माणसाला व्हायवॅक्स परत आला तर तो बहुतेक यकृतातूनच. 'इथेच राहिलेल्या' ही अट मोठी आहे, मान्य. चवथीला किंवा छठला गावी जाऊन आलेला मोजणीतून गळेल. तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत वर्षभर गोव्यातच राहणारे साधारण किती असतात?

रात्रपाळी

हॉटेलांतली मुलं, सुरक्षारक्षक, ट्रॉलरवरचे थोडे. बांधकामापेक्षा ते बरे टिकतात. पण एका केंद्राला पुरेल एवढी संख्या नाही. मंगळूरला बरीच वर्षं व्हायवॅक्स आपल्यापेक्षा जास्त होता. दोन्ही मिळून केलं तर जमू शकेल.